हलकं वजन म्हणजे फायदा नव्हे

‘हँडिकॅप शर्यतीत सगळ्यात हलकं वजन असलेला घोडा धरावा’ हे म्हणणं पटलं नाही. हँडिकॅप म्हणजे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देऊन सगळ्यांना सारखी संधी देणारी शर्यत. वजन हलकं आहे कारण रेटिंग (घोड्याच्या कुवतीला दिलेले गुण) कमी आहे, आणि रेटिंग कमी आहे कारण घोडा तेवढाच पळतो. ब्रिटिश पद्धतीत रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे एक पौंड. 90 रेटिंगचा घोडा 133 पौंड घेऊन पळणार असेल, तर 80 वाल्याला 123 येतं. कागदावर दोघे सारखेच. ते दहा पौंड तुम्ही पुन्हा त्याच्या बाजूने धरलेत, तर एकच गोष्ट दोनदा मोजलीत (मीही बरीच वर्षं हेच करत होतो).

मी आता रेटिंग आणि प्रत्यक्ष वजन कुठे जुळत नाहीत तेवढंच पाहतो. अ‍ॅप्रेंटिस (शिकाऊ) जॉकीला मिळणारी वजनातली सूट हा सरळ फायदा, पण पोराला घोडा सांभाळता आला तर! उलट, किमान वजनाच्या मर्यादेमुळे तळाच्या घोड्याला कधी कधी हक्कापेक्षा चार-पाच पौंड जास्त वाहावे लागतात. त्याला हलका कसं म्हणायचं?

अंतरही बघा. पाच फर्लांगला (सुमारे एक किलोमीटर) एका लेंग्थला, म्हणजे घोड्याच्या एका लांबीला, ढोबळ तीन पौंड धरतात, लांब पल्ल्याला जेमतेम एक. म्हणजे सहा पौंडांचा फरक स्प्रिंटमध्ये दोन लेंग्थ, तिकडे सहा. चिखलात तर आणखी जाणवतो, असं माझं मत.