अमेरिकेहून आणलेला टॅब वायफायवरून सारखा तुटतो : नेमकं कुठे बघावं?

पारंबी

मंडळी, दहा इंची अँड्रॉइड टॅब आहे, आवृत्ती १३. फक्त वायफायचा, सिमची सोय नाही. नातेवाइकांनी न्यू जर्सीहून येताना आणला. घर पुण्यात, फायबरचं कनेक्शन. ओएनटीला (फायबरची तार जिथे येते त्या कंपनीच्या डबीला) जोडलेला राउटर साधा आहे, फक्त २.४ गिगाहर्ट्झचा. तो हॉलमध्ये आणि टॅब बहुतेक वेळ आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती.

त्रास दोन प्रकारचा आहे. कधीकधी आमच्या वायफायचं नावच टॅबच्या यादीतून गायब होतं. शेजाऱ्यांची नावं दिसतात, आमचं तेवढं नाही. त्याच वेळी घरातले फोन त्याच वायफायवर व्यवस्थित चालू असतात. राउटर बंद-चालू केला की नाव कधी परत येतं, कधी नाही. वीज जाऊन आल्यावर हे जास्त होतं.

दुसरा त्रास म्हणजे टॅब जोडलेला असतानाच व्हिडिओ कॉल अडकतो, वायफायच्या चिन्हावर उद्गारचिन्ह येतं आणि थोड्या वेळाने आपोआप जातं.

नेटवर्क 'फॉरगेट' करून पासवर्ड पुन्हा टाकला आहे, अपडेटही झालेले आहेत. दुकानदार फॅक्टरी रीसेट करा म्हणतो, म्हणजे सगळं पुसून टॅब नव्यासारखा करायचा. मुलीच्या अभ्यासाच्या नोंदी टॅबमध्ये आहेत, म्हणून त्याआधी विचारतो आहे.

तारमास्तर

फॅक्टरी रीसेट आत्ता अजिबात करू नका. 'वायफाय जातं' या तक्रारीत तीन वेगळे बिघाड दडलेले असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या कामाचे नसतात. टॅब आणि राउटर यांच्यातला रेडिओचा दुवा तुटतो, किंवा दुवा टिकतो पण टॅबला आयपी पत्ता (राउटर प्रत्येक उपकरणाला देतो तो क्रमांक) मिळत नाही, किंवा हे दोन्ही ठीक असून राउटरच्या पुढे इंटरनेट बंद असतं. आधी यातलं कुठलं आहे ते ठरवा.

उद्गारचिन्हापासून सुरू करतो, कारण त्यावरून लोकांचा सर्वांत जास्त गैरसमज होतो. वायफायला जोडल्यावर अँड्रॉइड गुगलच्या सर्व्हरवरचं एक रिकामं पान मागवतं आणि '२०४' या सांकेतिक उत्तराची वाट बघतं. ते आलं नाही की उद्गारचिन्ह. म्हणजे ते दिसत असताना राउटरशी असलेला दुवा शाबूत असू शकतो.

तपासणी अशी करा. वायफायच्या सेटिंगमध्ये आपल्या नेटवर्कचे तपशील उघडा, 'गेटवे' म्हणून जो पत्ता दिसेल तो राउटरचा. बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असेल. पिंग करणारं, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणारं, कुठलंही साधं ॲप घ्या आणि आधी गेटवेला, मग ८.८.८.८ ला (इंटरनेटवरचा गुगलचा सर्व्हर) पिंग चालू ठेवा. गेटवे उत्तर देतो आणि ८.८.८.८ देत नाही, तर टॅब निर्दोष, ओएनटी किंवा लाइन बघा. गेटवेच अडखळतो, तर दोष हवेतल्या दुव्यात. दोन्ही पत्ते उत्तर देतात पण वेबसाइट उघडत नाहीत, तर दोष डीएनएसचा, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. तसं असेल तर टॅबच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' बघा. तिथे कोणी एखादं नाव भरून ठेवलं असेल आणि त्या सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नसेल, तर सगळं बंद पडतं. ते 'ऑटोमॅटिक' वर ठेवा.

याच्या जोडीला वायफाय ॲनालायझर प्रकारचं (आसपासच्या वायफायचे सिग्नल आणि चॅनल दाखवणारं) ॲप टाका, टॅबवर आणि फोनवरही. त्यासाठी लोकेशन चालू लागतं. सिग्नल डीबीएम या एककात, उणे आकड्यात दिसेल, शून्याच्या जितका जवळ तितका जोरदार: -५० डीबीएम उत्तम, -६५ च्या आसपास चांगला, -७५ च्या खाली व्हिडिओ कॉलची आशा धरू नका. अँड्रॉइड ९ पासून समोर उघड्या असलेल्या ॲपलाही दोन मिनिटांत चारच वेळा स्कॅन करता येतं, त्यामुळे आकडे सरकले नाहीत तर ॲपला दोष देऊ नका, थांबा.

गच्चीवाला

टॅबला स्थिर आयपी देऊन बघा. वायफाय > नेटवर्क > ॲडव्हान्स्ड > आयपी सेटिंग्ज > स्टॅटिक, तिथे १९२.१६८.०.१५० वगैरे काहीही भरा. बऱ्याच जणांचा प्रश्न सुटतो.

लहरी_२४५०

गच्चीवाला, इथे ते लागू पडणार नाही. आयपी पत्ता नेटवर्कला जोडल्यानंतर मिळतो, आणि यांना तर नेटवर्कचं नावच दिसत नाही. शिवाय 'काहीही भरा' हे धोक्याचं आहे. राउटर ज्या पट्ट्यातून पत्ते वाटतो, समजा शेवटचा आकडा १०० ते १९९, त्यातलाच पत्ता हाताने भरला तर तोच उद्या एखाद्या फोनलाही दिला जाऊ शकतो आणि दोघांचंही इंटरनेट अडखळतं. पत्ता पक्का करायचाच असेल तर राउटरमध्ये टॅबच्या मॅक पत्त्यावर (उपकरणाच्या वायफायचा स्वतःचा ओळख क्रमांक) आरक्षण टाका. तेव्हा एक लक्षात ठेवा, अँड्रॉइड १० पासून प्रत्येक नेटवर्कसाठी बनावट मॅक वापरला जातो. नेटवर्कच्या 'प्रायव्हसी' मध्ये जाऊन 'डिव्हाइस मॅक' निवडल्याशिवाय आरक्षण खऱ्या मॅकवर बसत नाही.

पारंबी, तुमच्या पहिल्या त्रासाचं उत्तर 'न्यू जर्सी' या शब्दात आहे असा माझा अंदाज आहे.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे क्रमांक दिलेले तुकडे म्हणजे चॅनल, भारतात १ ते १३ चॅनल चालतात. अमेरिकेत सर्वसाधारणपणे ११ पर्यंतच. सिम असलेलं उपकरण मोबाइल नेटवर्कवरून आपण कुठल्या देशात आहोत हे ओळखतं आणि त्याप्रमाणे चॅनल खुले करतं. सिम नसलेल्या टॅबला तो आधार नसतो, म्हणून अनेक टॅब कारखान्यात भरलेल्या देशाच्या नियमांवरच राहतात. अमेरिकी बाजारासाठी बनलेला टॅब मग १२ आणि १३ या चॅनलवर बघतच नाही. राउटर शेजारच्या टेबलावर असला तरी त्याला तो दिसणार नाही.

राउटरचं चॅनल 'ऑटो' वर असेल, तर सुरू होताना तो मोकळं चॅनल शोधतो. सोसायटीत सगळ्यांची गर्दी १, ६ आणि ११ वर असते, त्यामुळे १२-१३ त्याला मोकळे वाटतात. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, १३ वर जाऊन बसला. भारतात घेतलेल्या फोनना काहीच फरक पडत नाही, टॅबच्या यादीतून मात्र नाव जातं. पुन्हा बंद-चालू केल्यावर राउटर ६ वर आला तर नाव परत. तुमची लक्षणं याच्याशी तंतोतंत जुळतात.

खात्री करायला पुढच्या वेळी नाव गायब झालं की फोनवरच्या ॲनालायझरमध्ये राउटरचं चॅनल बघा. १२ किंवा १३ असेल तर निदान झालं.

उपाय: ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाकून राउटरमध्ये लॉगिन करा, वायरलेसच्या पानावर चॅनल 'ऑटो' वरून काढून १, ६, ११ यांपैकी एक करा, आणि चॅनल विड्थ (सिग्नलची रुंदी) २० मेगाहर्ट्झ. मग सेव्ह. मधले ३, ४, ८ असे आकडे निवडू नका. चॅनलमधलं अंतर ५ मेगाहर्ट्झचं आणि सिग्नल साधारण २० चा, म्हणून ४ वरचा राउटर १ आणि ६ दोन्हीकडच्या गोंगाटात सापडतो. काही जण राउटरचा देशच 'यूएसए' करायला सांगतात, ते करू नका. प्रसारणाची ताकद आणि चॅनल इथल्या नियमांप्रमाणे राहू द्या.

पारंबी

लहरी_२४५०, निदान बरोबर निघालं. नाव गायब असताना फोनच्या ॲनालायझरमध्ये राउटर १३ वर दिसला. आमच्याकडे १ आणि ६ वर शेजाऱ्यांचे जोरदार सिग्नल आहेत, ११ वर दोनच आणि तेही -८० च्या आसपास. म्हणून ११ आणि २० मेगाहर्ट्झ केलं. नाव लगेच आलं, राउटर बंद-चालू केल्यावरही टिकलं.

दुसरा त्रास आहेच. आतल्या खोलीत टॅबवर सिग्नल -७१. गेटवेचं पिंग एरवी ३ ते २० मिलिसेकंद. ब्लूटूथ हेडफोन लावून कॉल सुरू केला की ४ पासून थेट ९०० पर्यंत उड्या, मधूनमधून उत्तरच नाही. राउटरजवळ बसलं की हेडफोन असूनही बरंच ठीक चालतं.

लहरी_२४५०

मग तुमचा सिग्नल कमकुवत आहे आणि त्यात ब्लूटूथ वाटेकरी झालं आहे.

ब्लूटूथही याच पट्ट्यात चालतं, २.४०२ ते २.४८० गिगाहर्ट्झ. टॅबमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ सहसा एकाच चिपवर असतात, अँटेनाही अनेकदा सामाईक. दोघं एकाच वेळी बोलू शकत नाहीत, चिप त्यांना पाळी लावून देते. गाणी ऐकताना आवाज थोडा आधी भरून ठेवता येतो, म्हणून पाळी पुढेमागे झाली तरी खपतं. कॉलमध्ये मात्र हेडफोनचा माइक चालू होतो, दोन्ही दिशांचा आवाज ठरलेल्या क्षणी जावाच लागतो, आणि वायफायला उरलेल्या फटी मिळतात. -७१ वर वायफायचा वेग उतरलेला असतो, तेवढाच डेटा पाठवायला हवेत जास्त वेळ लागतो, तो त्या फटींमध्ये मावत नाही. राउटरजवळ वेग चढा असल्यामुळे मावतो.

सर्वांत स्वस्त उपाय वायरचा हेडफोन. टॅबला ३.५ मिमीचं भोक नसेल तर यूएसबी-सी चा घ्या. २० मेगाहर्ट्झ विड्थ तशीच ठेवा. ब्लूटूथ गर्दीचे तुकडे टाळून उड्या मारतं, पण त्याला मोकळे तुकडे उरायला हवेत. ४० केलंत तर पट्ट्याचा निम्मा भाग तुमचाच राउटर खाईल.

पक्का उपाय दोन बँडचा, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीवर चालणारा राउटर. ५ गिगाहर्ट्झवर ब्लूटूथ नाही आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही नाही. पण ५ गिगाहर्ट्झ भिंतींना लवकर हार मानतो, दोन भिंतींपलीकडे तो २.४ पेक्षा कमी पोहोचेल. घेतलात तर तिथेही चॅनल ऑटो ठेवू नका, ३६ ते ४८ पैकी एक द्या. ५२ ते १४४ या चॅनलवर रडारला प्राधान्य असतं. रडारची चाहूल लागली की राउटरला जागा सोडावी लागते, आणि त्याच गटातल्या दुसऱ्या चॅनलवर जाताना आधी किमान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. तेवढा वेळ सगळं ठप्प.

तारमास्तर

नवीन राउटर घ्यायच्या आधी आहे त्याची जागा बघा. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाच्या शेजारी, फिश टँकजवळ किंवा जमिनीलगत असेल तर हलवा. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, मोकळ्यात, आतल्या खोलीच्या दाराच्या रेषेत ठेवता आला तर भिंतीऐवजी दारातून सिग्नल जातो. पाच-सात डीबीचा फरक पडला तरी -७१ चं -६५ होतं आणि तुमच्या बाबतीत तेवढं पुरेल.

नवा राउटर घेतलात तर जुना फेकू नका. आतल्या खोलीत कॅट ५ई किंवा कॅट ६ प्रतीची नेटवर्क केबल ओढा आणि जुना तिथे ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे मुख्य राउटरचंच नेटवर्क वायफायवर पुरवायला, लावा. त्याचा स्वतःचा पत्ता बदलून मुख्य राउटरच्या पट्ट्यातला पण वाटपाबाहेरचा द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.०.२. मग त्यातलं डीएचसीपी (आयपी पत्ते वाटण्याचं काम) बंद करा. केबल जुन्या राउटरच्या 'वॅन' (बाहेरच्या इंटरनेटच्या) भोकात न घालता 'लॅन' (घरातल्या उपकरणांच्या) भोकात घाला. इथे बहुतेक जण चुकतात: वॅनमध्ये घातली की घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि प्रिंटर, टीव्ही एकमेकांना दिसेनासे होतात. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तेच, चॅनल वेगळे, एक ११ तर दुसरा १.

फ्यूजबदल

विजेचा मुद्दा राहिला. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर जाताना क्षणभर खंड पडतो, आणि तेवढ्यात काही राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतात. चॅनल पक्कं केल्यामुळे आता नाव जाणार नाही, पण कॉल तुटेलच. त्याला राउटरचा छोटा डीसी यूपीएस, म्हणजे अडॅप्टरच्या जागी लागणारी बॅटरी, मिळतो. घेताना अडॅप्टरवरचे आकडे बघा. व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, ९ चा राउटर १२ वर लावू नका. अँपिअर तेवढे किंवा जास्त. पिनचा व्यास आणि धन-ऋण टोकंही जुळवा. एक महत्त्वाचं: ओएनटीलाही यूपीएस हवा, नाहीतर वायफाय चालू आणि इंटरनेट बंद, म्हणजे पुन्हा तेच उद्गारचिन्ह.

पुढे कधी घरातली सगळीच उपकरणं एकदम तुटायला लागली, तर राउटरच्या 'स्टेटस' पानावर तो किती वेळ चालू आहे ते बघा. वीज न जाता तो आकडा पुन्हा शून्यापासून सुरू झालेला दिसला तर अडॅप्टर थकला आहे. आतले कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज सम ठेवणारे भाग) उतरले की भार वाढताच व्होल्टेज पडतं. अडॅप्टर बदलला की काम होतं, राउटर बदलायची गरज नसते.

रेवाळू

टॅबमध्येच दोष आहे का हे एकदा तपासून टाका. कव्हर काढा, विशेषतः धातूचं किंवा चुंबकाचं असेल तर. मग टॅब आणि एखादा फोन राउटरपासून एक मीटरवर शेजारी ठेवा. फोनवर -४० च्या आसपास आणि टॅबवर -४५ असेल तर अँटेना ठीक. टॅबवर -७० दिसला तर आत अँटेनाच्या बारीक केबलचं बटण (दाबून बसणारा जोड) निसटलेलं असतं, किंवा अँटेनाची पट्टी दुमडलेली. बॅटरी वा काच बदलून आणलेल्या टॅबमध्ये हे हमखास सापडतं. अशा वेळी बोर्ड बदलायला होकार देण्याआधी दुरुस्तीवाल्याला बॅटरी सोडवून ते बटण दाबून बसवायला आणि पुन्हा मोजायला सांगा. अर्धं काम तिथेच होतं.

आणि रीसेट करायचाच झाला तर आधी फक्त नेटवर्कचा: सेटिंग्ज > सिस्टम > रीसेट ऑप्शन्स, तिथे वायफाय आणि ब्लूटूथ रीसेटचा पर्याय आहे, काही टॅबमध्ये तो 'जनरल मॅनेजमेंट' खाली असतो. यात साठवलेले वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात. फोटो, फायली, मुलीच्या नोंदी यांना हात लागत नाही.