मदत हवी आहे : व्यसनी आरोपी पुन्हा पकडला गेल्यास उपचाराची वाट उरते का?

गटातील वकील व परिवीक्षा (शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सुटका) अधिकारी यांचे मार्गदर्शन हवे आहे. माझ्या भाच्याला एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाच्या सेवनाबद्दल पूर्वी दंड झाला होता. आता तो पुन्हा अल्प प्रमाणातील, म्हणजे २ ग्रॅमच्या आतील एमडीसह पकडला गेला असून, त्याच्यावर उभ्या रिक्षांच्या बॅटऱ्या चोरल्याचाही गुन्हा आहे. चोरीचा पैसा त्या पुड्यांवरच गेला, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

एनडीपीएस कायदा (अमली पदार्थविरोधी कायदा), १९८५ च्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने शासनमान्य ठिकाणी उपचार घेतल्यास तिच्यावर त्या आरोपाचा खटला चालत नाही. मात्र उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. कलम ३९ नुसार दोषसिद्धीनंतरही न्यायालय उपचारासाठी बंधपत्रावर (लेखी हमीवर) सोडू शकते, पण तेव्हा आरोपीचा पूर्वेतिहास पाहिला जातो, आणि नेमकी तीच आमची अडचण आहे. व्यसन पुन्हा उफाळणे हा आजाराचाच भाग असताना तेच त्याच्याविरुद्ध धरले जावे, हे मला अन्यायाचे वाटते. रिक्षावाल्यांचे नुकसान मात्र भरून द्यायलाच हवे. त्याची आमची तयारी आहे.

पहिली दोषसिद्धी असूनही कलम ६४-अ चा अर्ज कोणी मंजूर करून घेतला आहे का? चोरीच्या खटल्यात, परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली, व्यसनमुक्ती उपचाराची अट घालून घेता येते का? आणि अर्जासोबत व्यसनमुक्ती केंद्राची कोणती कागदपत्रे जोडावीत?