स्केल पळतात पण सोलो जमत नाही, कोणाला ऐकू?

सहावी तार:
दोन वर्षं झाली जॅझ गिटार शिकतोय, आधी रॉक वाजवायचो. मेट्रोनोम (टिकटिक करत लय धरणारं यंत्र) लावून स्केल, अर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून) सगळं रोज एक तास होतं, स्पीडचा प्रॉब्लेम नाहीये. पण बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) लावला की तेच पलटे वरखाली, बायको आतून विचारते अजून रियाजच चालू आहे का. वेस माँटगोमेरी, जो पास असे दिग्गज गिटारिस्ट ऐकले की हातपायच गळतात. फारसं नाव न झालेले पण शिकण्यासारखे कोणी आहेत का?

जुनी रेकॉर्ड:
जिमी रेनी!! १९५१ चं बॉस्टनच्या स्टोरीव्हिल क्लबमधलं रेकॉर्डिंग आहे, सॅक्सोफोनवाल्या स्टॅन गेट्झबरोबर, ते ऐक. त्यातले फक्त चार बार (एक बार म्हणजे चार मात्रा) घे, स्पीड अर्धा कर आणि आधी गाऊन बघ, गिटार केसमध्येच राहू दे. गाता आलं की मग हातात घे, बोटं कुठे ठेवायची ते आपोआप कळतं. आणि त्याची ओळ कुठे सुरू होते ते बघ, बऱ्याचदा बारच्या मधूनच कुठूनतरी उचलतो, तू बहुतेक दरवेळी पहिल्या मात्रेवरच सुरू करत असशील.

ठाणेकर:
फास्ट वाजतं म्हणजे सावकाश नीट वाजतं असं नाही हां. मिनिटाला १२० मात्रांचं गाणं असेल तर मेट्रोनोम ६० वर ठेव आणि टिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतेय असं धरून वाजव, स्विंग (जॅझच्या लयीतला झोका) आहे की नाही ते लगेच उघडं पडतं.

बाकी माझा माणूस एड बिकर्ट. टोरोंटोचा, हातात साधी टेलिकास्टर गिटार, सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडबरोबर १९७५ चं लाइव्ह आहे ते ऐका, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) किती कमी सुरांत होतात बघा. दोनच तारा घे. चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट, तिसरीवर पाचवा, झाला डी मायनर सेव्हन. तिसरीवरचं बोट एक फ्रेट मागे आण, जी सेव्हन. आता चौथीवरचं एक मागे, सी मेजर सेव्हन. दरवेळी एकच बोट हलतं, मूळ सूर बेसवाला बघून घेईल. मी पाच वर्षं उगाच सहा-सहा तारा दाबत बसलो होतो.

मांडवी:
कोणीच अमान्सिओ डिसिल्वाचं नाव कसं घेतलं नाही? मुंबईचा गोंयकार, पुढे लंडनला गेला, १९६९ मध्ये सॅक्सोफोनवाल्या जो हॅरियटबरोबर हम दोनो हा अल्बम केला. बीबॉपची (वेगवान जॅझची) भाषा शिकायची तर रेनीच बरोबर, पण एका सुरावर थांबून रागासारखं हळूहळू उलगडत कसं जायचं ते ह्याच्याकडून घे, तुझा वरखालीचा आजार तिथेच बरा होईल.

सहावी तार:
सगळ्यांना थँक्यू. ६० वालं आत्ताच करून बघितलं, आठव्या बारपर्यंत टिक एक आणि तीनवर जाऊन बसली होती 😅 रेनीचे चार बार उद्यापासून, बायकोला सांगितलंय आता गाणं ऐकायला मिळेल, तिला वाटतंय किशोरकुमार.