पिसदुऱ्याचे विष्ठाश्म आणि गवत

डायनोसॉरच्या काळी गवत नव्हते, हे विधान 2005 पूर्वी योग्यच ठरले असते. मात्र त्या वर्षी पुराजीवशास्त्रज्ञ वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील विष्ठाश्मांत, म्हणजे दगड झालेल्या विष्ठेत, गवताच्या पेशींत साठणारे सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवून दिले. वनस्पती कुजून गेली तरी हे कण टिकतात आणि त्यांच्या आकारावरून तिचे कुळ ओळखता येते. येथे तर भात व बांबू यांच्या आप्तांसह किमान पाच प्रकारची गवते आढळली, शिवाय ताड आणि सूचिपर्णी वृक्षही. ही विष्ठा टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरची, हा निष्कर्ष मात्र प्रामुख्याने त्याच थरांतील हाडांवरून काढलेला आहे. तो मी थोडा जपूनच स्वीकारतो.