दाह, शोथ की सूज?

प्रश्न: रोगप्रतिकारशास्त्रावरचा मजकूर मराठीत आणतेय. सध्याचं वाक्य: ‘जन्मजात प्रतिकार-ग्राही दाहाचे नियंत्रण करतात.’ इन्फ्लमेशनसाठी दाह घेतलाय, पण दाह म्हटलं की मला पित्ताची जळजळच आठवते. शोथ घ्यावा का?

उत्तर: शोथ यकृतशोथ, संधिशोथ अशा जोडशब्दांत बसतो, सुटा आला की वाचक अडखळतो. सूज डोळ्यांना दिसते, पण तुमचा विषय त्याच्या बराच आधी सुरू होतो. पांढऱ्या पेशीवरच्या टीएलआर-४ या ग्राहीने, म्हणजे संकेत ओळखणाऱ्या प्रथिनाने, जिवाणूच्या बाह्य पटलातलं लिपोपॉलिसॅकराइड ओळखलं की पेशीतला एनएफ-कप्पा-बी हा प्रथिन-घटक केंद्रकात शिरतो आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-६ या दाहाच्या निरोप्यांची जनुकं चालू करतो. सुजलेलं अजून काहीच नसतं. म्हणून दाहच ठेवा.

माझी हरकत ‘जन्मजात’ला आहे. जन्मजात म्हटलं की पुढे व्यंग नाहीतर दोष येणार असं वाटतं. ‘उपजत’ लिहा.

आणखी एक: ‘नियंत्रण’ही बदला, त्यात फक्त आवर घालणं येतं. इथे तर एनएफ-कप्पा-बी दाह पेटवतो आणि सोबत ए२० नावाचं प्रथिनही बनवून घेतो, जे पुढे त्याच संदेशवाटेला लगाम घालतं. दोन्ही बाजू ‘नियमन’मध्ये मावतात.

प्रश्न: पटलं. पण एनएलआरपी३ हा धोका ओळखणारा रेणू तर पेशीच्या आत असतो. तोही ग्राहीच?

उत्तर: हो, जागेवर काही अवलंबून नाही. गाउट घ्या. सांध्यातले युरिक आम्लाचे स्फटिक मॅक्रोफेज ही भक्षक पेशी गिळते, एनएलआरपी३ जागा होतो, इन्फ्लमासोम हा प्रथिनांचा संच जुळतो. त्यातलं कॅस्पेज-१ हे विकर इंटरल्युकिन-१ बीटाचं कच्चं रूप कापून कामाचं करतं आणि रातोरात अंगठा असा ठणकतो की पांघरूणही सहन होत नाही. मात्र ते कच्चं रूप आधी तयार असावं लागतं. ते काम टीएलआरसारख्या ग्राहींकडून आलेल्या पहिल्या संदेशाचं; स्फटिक हा दुसरा संदेश.

एक सावधगिरी. उंदरांच्या मॅक्रोफेजवरचे प्रयोग वाचून ‘दोन संदेश लागतातच’ असं सरसकट लिहू नका. मानवी मोनोसाइट या पांढऱ्या पेशी नुसत्या लिपोपॉलिसॅकराइडनेही इंटरल्युकिन-१ बीटा सोडतात. २०१६ साली त्याची वेगळी वाट दाखवली गेली.

प्रश्न: इन्फ्लमासोमला ‘दाहकाय’ म्हणू का?

उत्तर: नको हो, थेट स्मशानात पोचल्यासारखं वाटतं. इन्फ्लमासोमच राहू द्या.