शिकाऊ वकिलाने ओळखी टिकवायच्या कशा?

प्रश्न: सिनियरांकडे शिकाऊ म्हणून काम करतोय. कोर्टात, चर्चासत्रांत वकील भेटतात, नंबर मिळतात, पण पुढे काहीच होत नाही. काय करावं?

उत्तर १: भेटीनंतर २४ तासांत चार ओळींचा मेसेज करा: कुठे भेटलो, काय बोलणं झालं, आणि त्या मुद्द्यावरचा एखादा निकाल. निकाल आधी स्वतः वाचा आणि नेमका परिच्छेद क्रमांक द्या. अख्खी ८० पानं कुणी उघडत नाही. वहीत नाव, कामाचं क्षेत्र, शेवटचा संपर्क लिहून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी चाळा. पहिल्याच मेसेजमध्ये काम मागितलं की समोरचा गप्प होतो, कारण नकार देणं अवघड जातं. त्यापेक्षा १५ मिनिटं मागा आणि एकच नेमका प्रश्न विचारा.

उत्तर २: समोरच्या बाजूच्या वकिलांना लोक विसरतात. तारीख मागणार असाल तर सिनियरांना विचारून आदल्या दिवशीच कळवा. कागदांची प्रत पान क्रमांक घालून वेळेत द्या. नाव यातूनच होतं. कोर्टातल्या कारकुनांशीही आदराने बोला.

उत्तर ३: गप्पांत पक्षकाराचं नाव किंवा तडजोडीची रक्कम कधीच नको. नाव लपवलं तरी तपशिलावरून प्रकरण ओळखू येतं.

प्रश्नकर्ता: सिनियरांच्या ओळखीतल्यांना थेट मेसेज केला तर चालेल?

उत्तर १: आधी सिनियरांच्या कानावर घाला. नाहीतर त्यांचे पक्षकार वळवताय असा समज होतो, आणि तो सहज पुसला जात नाही.