क्रॉसिंगला थांबणं म्हणजे उगाच थांबणं नव्हे

‘कोकण रेल्वेच्या छोट्या स्टेशनांवर गाडी उगाच पडून राहते,’ असं एकांनी लिहिलंय. उगाच नाही हो! रोहा-वीर टप्प्यात रूळ दुहेरी झाले, पण कोकण रेल्वेचा बाकी बहुतेक मार्ग अजून एकेरीच आहे. समोरची गाडी येऊन जाईपर्यंत आपली लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, घ्यावीच लागते. हेच क्रॉसिंग. ही स्टेशनं नसती तर क्रॉसिंग कुठे केलं असतं?

२६ जानेवारी १९९८ला रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. त्याआधी मुंबई म्हणजे रात्रभर एस्टी. आमच्याकडे एक्स्प्रेस थांबत नाही. दिवा-सावंतवाडी हीच आमची गाडी. गणपतीच्या आदल्या दिवशी चाकरमानी उतरतात, तेव्हा म्हातारी माणसं छत्र्या घेऊन फलाटावर तासभर आधीच उभी असतात. आमची आजीसुद्धा, भिजलेल्या पदराने.